थांबलेल्या गाडीचं थेट प्रक्षेपण

मंगळवार, संध्याकाळी सव्वासहा

रात्रपाळीला येणारी माणसं आधी कॉफीचं यंत्र गाठतात. गेर्लिंड टाउटेनहान आधी तक्ता बघायची. प्रादेशिक वाहिनीचे रात्री एक ते पहाटे पाच हे चार तास एकोणीस वर्षं तिचे होते, आणि त्या चार तासांत ती लोकांना आगगाडीत बसवायची. इंजिनाच्या काचेतून दिसणारे रूळ, बोगदे, फाटकं, पूल. निवेदन नाही, संगीत नाही. कार्यक्रमाचं नावही 'रात्रीची गाडी', एवढंच.

त्या मंगळवारी तिनं येत्या शनिवारचा तक्ता उघडला आणि तिला त्यात भोक दिसलं.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार होता. त्या रात्री तीन वाजले की घड्याळं पुन्हा दोनवर आणायची. उन्हाळी वेळ संपली, हिवाळी सुरू. म्हणजे दोन ते तीन हा तास दोनदा येतो. जुन्या कागदी तक्त्यावर त्या रात्री पंचवीस चौकटी असायच्या आणि त्यांतल्या दोन चौकटींवर गेर्लिंड स्वतःच्या हातानं लिहायची, २अ आणि २ब. नव्या संगणकी तक्त्यात चौकटी चोवीसच. २अ मध्ये तिची फिल्म होती, त्यानंतर थेट तीनची. मधला तास कुणाच्या गावीच नव्हता.

म्हणजे तासभर काळा पडदा.

तिनं नियमाप्रमाणे कळवलं, लेखी.

*रात्रविभाग, टाउटेनहान, यांजकडून: शनिवार-रविवारच्या रात्री २ब या तासासाठी काहीही नेमलेले नाही. कृपया पाहावे.*

*नियोजन विभागाकडून (बारा मिनिटांनी): नवी प्रणाली वेळबदल आपोआप विचारात घेते. हस्तक्षेपाची गरज नाही.*

गेर्लिंडनं उत्तर छापून घेतलं, वर तारीख-वेळ टाकली आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं. पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारणं कर्तव्य होतं. दोनदा विचारलं असतं तर त्यांनी दुरुस्त केलं असतं.

त्याआधीचं, जूनमधलं

हा तास तिला हवा होता, आणि तो तिनं सरळ मार्गानं मागूनही पाहिला होता.

समुद्राकडे जाणारी रात्रीची गाडी दररोज दोन अठ्ठावन्नला ग्रोसवाल्डा नावाच्या लहान स्थानकात येते आणि तीनला सुटते. पण घड्याळ मागे घेण्याच्या रात्री ती सुटू शकत नाही, सुटली तर पुढच्या प्रत्येक स्थानकात तासभर आधी पोचेल. म्हणून ती तिथेच उभी राहते. दुसऱ्यांदा तीन वाजेपर्यंत.

"हे मला थेट दाखवायचंय," गेर्लिंड कार्यक्रम संचालकांना म्हणाली होती. "इंजिनातून. रेल्वेची परवानगी आली आहे."

डॉ. हॉलरबुश हे सभ्य गृहस्थ होते, आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

"उभी गाडी? एक तास?"

"बासष्ट मिनिटं."

"टाउटेनहानबाई, धावणारी गाडीच कुणी बघत नाही, तिथे उभी कोण बघणार?" त्यांनी एक कागद तिच्यापुढे सरकवला. एक ते पाच, प्रेक्षकसंख्या: शून्य पॉइंट शून्य. महिनोन्महिने तेच. "एक नोव्हेंबरपासून या वेळेत दुपारचा आरोग्यसल्ला पुन्हा दाखवू. फुकटात होतं. वाहिनीच्या मंडळाची मंजुरी तेवढी बाकी आहे."

"ती मोजणीची पेटी तुम्ही लोकांच्या घरात बसवता, डॉक्टर. माझी माणसं रात्री घरात नसतात. कामावर असतात. दवाखान्यात, भट्टीवर, कारखान्याच्या फाटकावर."

"पुरावा?"

"कपाटभर पत्रं आहेत."

"पत्रं म्हणजे भावना, बाई. मंडळापुढे मी भावना ठेवू?"

ती उठली. दारातून एवढंच म्हणाली, "नका ठेवू. मी दुसरं काहीतरी आणते."

काय आणणार हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं, पण आणणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

मंगळवार, पुन्हा, रात्री नऊ

"एकी, झोपलास का?"

"तू फोन करणार म्हटल्यावर कोण झोपतंय." एकेहार्ट, वाहिनीचा सगळ्यात जुना कॅमेरामन. 'रात्रीच्या गाडी'तले निम्मे रूळ त्यानंच टिपलेले.

"शनिवारी रात्री ग्रोसवाल्ड्याच्या गाडीत बसायचंय. थेट."

"हॉलरबुश हो म्हणाला?"

"हॉलरबुशना कुणी विचारलेलं नाही. तास रिकामा आहे. नियोजन म्हणतं रिकामा नाही. सेवानियम चौदा काय सांगतो?"

"मला काय माहीत. मी एकोणचाळीस वर्षं नोकरी केली, नियम वाचत बसलो नाही."

"'अनपेक्षित रिकामी वेळ उद्भवल्यास रात्रीच्या जबाबदार संपादकाने उपलब्ध असलेले योग्य साहित्य प्रसारित करावे.' रात्रीची जबाबदार संपादक मी. तू उपलब्ध आहेस का?"

पलीकडे एकी खाकरला. मग: "योग्य आहे का ते विचारलं नाहीस ते बरं केलंस."

शनिवारची रात्र, ०२:३१अ

प्रसारणकक्षात दोघंच. गेर्लिंड, आणि नियंत्रणपटलाशी बसलेला तंत्रज्ञ डेटलेफ, ज्याच्या एका हातात सॉसेज घातलेला पाव आणि दुसऱ्या हातात आंबवलेली काकडी असल्याशिवाय रात्र सुरू होत नसे. पडद्यावर गेर्लिंडची २अ ची फिल्म चालू होती. तळ्याकाठची लाईन, उन्हाळ्यातली, उजव्या हाताला पाणी.

"म्हणजे आपण काळा पडदा पडायची वाट बघतोय," डेटलेफ म्हणाला.

"अनपेक्षित रिकामी वेळ."

"मंगळवारपासून अनपेक्षित."

"खा गुपचूप."

"एक सांगा बाई. ग्रोसवाल्ड्यात कुणाला आधी कळवून ठेवलंय का? म्हणजे चार माणसं तरी हात हलवायला?"

"नाही."

"का? मी असतो तर अख्खी फुटबॉलची टीम उभी केली असती."

"बोलावून आणलेली माणसं पुरावा नसतात, डेटलेफ. कुणी बघत असेल तर दिसेल. नसेल बघत तर हॉलरबुश बरोबर आहेत, आणि सोमवारपासून मी टेबल आवरते."

डेटलेफनं तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. घाबरलेलीही नव्हती. चष्मा पुसत होती.

०२:५८अ

छोट्या पडद्यावर ग्रोसवाल्डा आलं. फलाट पुढे येत गेला, मंदावला, थांबला. एकीचा आवाज कानात: "पोचलो. चालक रोश्केबाईंनी ब्रेक लावलाय. चित्र येतंय का?"

"येतंय. घड्याळ दिसतंय. तसंच ठेव."

काचेतून फलाटाचं पुढचं टोक दिसत होतं. दिवा, बाक, खाऊचं यंत्र, आणि खांबावर गोल घड्याळ. गेर्लिंडनं पडद्याच्या तळाला दाखवायची ओळ स्वतः टंकली:

थेट. ग्रोसवाल्डा स्थानक. गाडी एक तास थांबेल. कारण: घड्याळ.

"तीन," डेटलेफ मोजायला लागला, "दोन, एक, आणि प्रणालीकडे...

...काहीही नाही. घ्या तुमची गाडी."

त्यानं कळ दाबली.

०२:००ब

घड्याळाचा काटा तीनवर गेला आणि तिथेच थांबला. स्थानकाची घड्याळं त्या रात्री असंच करतात, तासभर तीनवर उभी राहतात. गाडी उभी. घड्याळ उभं. दिव्याभोवती एक पतंग होता, तो मात्र कामात होता.

०२:०४ब

कॅमेऱ्यामागून आवाज आला, कच्च.

"हे काय आहे?" डेटलेफ.

"रोश्केबाई सफरचंद खातायत," कानात एकी कुजबुजला. "थांबवू का त्यांना?"

"खाऊ दे. तासभर उभं राहायचंय त्यांना."

०२:०६ब ते ०२:१२ब, डेटलेफच्या अक्षरात, फोनची वही

*ट्रकचालक, महामार्गावरच्या थांब्यावरून. विचारतो, गाडी बिघडली का. सांगितलं, गाडी ठीक आहे, घड्याळाची तब्येत बरी नाही.*

*बाई, नाव सांगत नाही. म्हणते सफरचंदाचा आवाज बंद करू नका.*

*काच कारखान्याचा पहारेकरी. उद्या आरोग्यसल्ला लावणार हे खरं का. सांगितलं, उद्या नाही. म्हणाला, परवा तरी नको.*

*परिचारिका, ग्रोसवाल्डा, स्थानकासमोरचा वृद्धाश्रम. म्हणते कॅमेरा जरा डावीकडे वळवा, आमची खिडकी दिसेल. कॅमेरा इंजिनात आहे, वळत नाही असं सांगितलं. म्हणाली, मग आम्हीच येतो.*

गेर्लिंडनं शेवटची नोंद दोनदा वाचली. "किती वाजताची?"

"आत्ताचीच. पण बाई, लोक असं म्हणतात. म्हणणं वेगळं आणि ऑक्टोबरच्या थंडीत अंथरुणातून उठणं वेगळं."

"ती अंथरुणात नाहीये, डेटलेफ. ती पाळीवर आहे. हेच तर मी वर्षभर सांगतेय."

०२:१७ब

पहिला आला तो कुत्रा. त्याच्यामागे ओव्हरकोट घातलेला म्हातारा, कोटाखाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. त्यानं इंजिनाकडे बघून टोपी उचलली. कुत्र्यानं खांबाकडे बघून पाय उचलला.

"घ्या," डेटलेफ म्हणाला, "शून्य पॉइंट एक."

०२:२२ब

मग चाकाची खुर्ची. ढकलणारी परिचारिका जाडजूड, गालांवर लाली, अंगात पांढऱ्या गणवेशावर कुणा पुरुषाचं जाकीट. खुर्चीत गोधडीत गुंडाळलेल्या एक आजीबाई. परिचारिका सरळ कॅमेऱ्यासमोर आली आणि हात हलवायला लागली.

"क्रिस्टेल! दिसतेय का गं? तेरा नंबरला पाणी दे, आणि दिसत असलं तर खिडकीतला दिवा बंद-चालू कर!"

काही क्षणांनी चित्राच्या अगदी कडेला, फलाटावर पडलेला खिडकीतला उजेड विझला, पेटला.

गेर्लिंड खुर्चीत मागे टेकली.

रोश्केबाईंनी बाजूची काच खाली केल्याचा आवाज आला. "काय हो, चढायचंय का?"

"कुठे जाते?" आजीबाई.

"समुद्रावर."

"एवढ्या रात्री समुद्रावर जाऊन काय करू? तुम्हाला बघायला आलेय. रोज तुमच्या काचेतून बघते, आज म्हटलं काचेला समोरून बघावं."

"मग कशी आहे?"

"धुवा जरा."

डेटलेफ इतका हसला की काकडीचा तुकडा पटलावर पडला.

०२:२९ब

आता माणसं एकामागून एक यायला लागली. खसखशीच्या गरम पावांचं ताट डोक्यावर घेऊन बेकरीवाला आला, कोपरापर्यंत पीठ. "भट्टीवर बघत होतो," तो कुणाला तरी सांगत होता, "म्हटलं हे घड्याळ ओळखीचं आहे. खिडकीतून बघतो तर हेच घड्याळ!" टॅक्सीवाले दोघं. बाळ छातीशी बांधलेला एक तरुण बाप, सारखा डुलत असलेला. काच कारखान्याच्या कोटातली तीन माणसं. गाडीतले झोपाळू प्रवासी पांघरूणं ओढून फलाटावर उतरले आणि पाव खायला लागले. म्हाताऱ्याचा कुत्रा प्रत्येकाकडून एकेक तुकडा वसूल करत फिरत होता.

कुणी भाषण केलं नाही. कुणी गाणं म्हटलं नाही. रोजच्या रात्री वेगवेगळ्या खोल्यांत एकाच गाडीत बसणारी माणसं, आज एका फलाटावर.

०२:३४ब

फोन. डेटलेफनं नाव बघितलं आणि फोन तिच्याकडे दिला. "मुख्यालयाच्या तांत्रिक अधिकाऱ्यानं उठवलेलं दिसतंय."

"टाउटेनहान."

"प्रसारणावर काय चाललंय?" डॉ. हॉलरबुशांचा आवाज झोपेतला, पण तरीही सभ्य.

"२ब, डॉक्टर. तक्त्यात तास नव्हता. मंगळवारी कळवलं होतं, उत्तर माझ्याकडे आहे. नियम चौदा."

"नियम चौदा अनपेक्षित वेळेसाठी आहे."

"नियोजन विभागासाठी ती अनपेक्षितच आहे."

"बंद करा ते."

"लेखी द्या, लगेच करते. मग पंचवीस मिनिटं काळा पडदा जाईल, तेही लेखी द्या."

पलीकडे कुणीतरी पलंगावर उठून बसल्याचा आवाज.

"तुमच्यासमोर टीव्ही चालू आहे का, डॉक्टर?"

"आहे."

"काय दिसतंय?"

"गाडी उभी आहे."

"आणखी?"

पलीकडे टीव्हीचा आवाज वाढला. मग ते म्हणाले, "ही माणसं तुम्ही बोलावलीत?"

"फोनची वही समोर आहे, प्रत्येक नोंद वेळेसकट. त्यांना मी बोलावलं नाही. स्थानकाचं नाव तेवढं दाखवलं. मोजा, डॉक्टर. मी मोजणार नाही, माझ्या आकड्यावर तुमचा विश्वास बसणार नाही."

ती थांबली. हळूहळू, ओठातल्या ओठात, संचालक मोजत होते. तिला ऐकू येत होतं. सदतीसला त्यांचा आकडा चुकला, कारण कुत्रा मध्ये आला, आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

"हे तुम्हाला महाग पडेल, बाई," शेवटी ते म्हणाले.

"ठाऊक आहे."

"किती आहेत ते मी सांगणार नाही."

"नका सांगू. बुधवारी मंडळाची बैठक आहे, तिथे सांगा."

त्यांनी फोन ठेवला. 'बंद करा' मात्र दुसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

"काय म्हणाले?" डेटलेफनं विचारलं.

"बघतायत."

०२:५९ब

रोश्केबाईंनी शिट्टी दिली, अर्धीच, बाळ झोपलं होतं म्हणून. प्रवासी चढले. परिचारिकेनं खुर्ची वळवली; आजीबाईंनी ती परत वळवून घेतली. काटा तीनवरून एक पाऊल पुढे सरकला, गाडी हलली, आणि फलाट, दिवा, पिठाळलेला हात, कुत्रा, सगळं बाजूनं निघून गेलं. मग फक्त रूळ.

"आता तीनची फिल्म," डेटलेफ म्हणाला.

"एक मिनिट अजून. गाव संपू दे."

बुधवार, दुपारी अडीच

मंडळात बावीस माणसं बसतात. चर्चचे, संघटनांचे, खेळाडूंचे, शेतकऱ्यांचे, धंदेवाल्यांचे प्रतिनिधी. गेर्लिंडला बोलायचा अधिकार नव्हता. ती भिंतीलगतच्या खुर्चीत बसली. डॉ. हॉलरबुशांनी ठराव वाचला, आकडे वाचले, शून्य पॉइंट शून्य वाचलं. वाचताना थोडे अडखळले.

बेकरी संघाचे प्रतिनिधी, खांद्यांत मान रुतलेले एक अगडबंब गृहस्थ, हात वर न करताच म्हणाले, "ही पेटी कुठे ठेवता तुम्ही?"

"निवडक घरांत."

"आमच्या भट्टीवर का नाही?"

"ती घरं नाहीत."

"बरोबर. आणि रात्री दोनला आम्ही कुठे असतो असं वाटतं तुम्हाला?"

परिचारिका संघटनेच्या बाई म्हणाल्या, "आमच्या विश्रांतीच्या खोलीत रात्री दुसरी वाहिनी लावायची नाही असा नियमच आहे. मी केलेला."

हशा पिकला. हॉलरबुशांनी पाण्याचा घोट घेतला. मग चष्मा काढून ते म्हणाले, "शनिवारी रात्री मी स्वतः एक्केचाळीस माणसं मोजली. ग्रोसवाल्ड्याची वस्ती नऊशे आहे." त्यांनी कागद पालथा ठेवला. "ठरावावर मी आज मतदान मागत नाही. एक वर्षानं पुन्हा बघू."

"दोन," बेकरीवाले म्हणाले.

"दोन," हॉलरबुश म्हणाले.

बुधवार, चार वाजता

ताकीदपत्र त्यांनी स्वतःच्या टेबलावरून तिच्याकडे दिलं. एक पान. तिनं सगळं वाचलं, उभ्यानं.

"हरकत असेल तर खाली नोंदवता येते," ते म्हणाले.

"नाही. तुम्ही लिहिलंय की वेळ मला अनपेक्षित नव्हती. ते खरं आहे. मला चार दिवस आधी ठाऊक होतं."

"मग पुन्हा का नाही विचारलंत?"

"तुम्ही दुरुस्त केलं असतंत."

हॉलरबुश हसले नाहीत, पण त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरलं. तिनं सही केली, पेन त्यांना परत दिलं.

बाहेर जिन्यात डेटलेफ उभा होता. "काय ठरलं?"

"दोन वर्षं. आणि माझ्या फाइलमध्ये एक पान."

"जेवायला येता? मी देतो आज."

"नको," गेर्लिंड कोटाची बटणं लावत म्हणाली. "झोपायला जाते. एकला गाडी आहे."